साबण लावलेले गज

पहाटे चार वाजता बाई उठायच्या, आणि उठायच्या त्या चिडूनच. कुणावर, ते विचारायची सोय नव्हती. घड्याळ वाजण्याआधीच जाग यायची म्हणून घड्याळावर, नळ खाकरून खाकरून पाणी सोडायचा म्हणून नळावर, आणि त्यांच्याही आधी उठून मोरीत कपडे घासत बसलेल्या आत्यावर तर रोजच.

"मी आल्यावर धुते म्हटलं होतं ना?"

"तू येईपर्यंत कपडे काय, मीच वाळून जाईन," आत्या मान वर न करता म्हणायची. "जा, तुझ्या चादरी वाट बघतायत."

बाईंना वाढवलं ते या आत्यानं. आता तिचे गुडघे कामातून गेले होते. एकदा खाली बसली की उठताना भिंत, बादली, नळ, हाताला लागेल त्याचा आधार घ्यायची आणि वर "मला काय धाड भरलीय" म्हणायची. बाई धुलाईघरात कामाला होत्या. तिथे शहरभरच्या इस्पितळांच्या चादरी मशीनमध्ये फिरायच्या, आणि घरच्या दोन चादरी मात्र आत्या हातानं पिळायची. ही गोष्ट बाईंच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली होती. घरी कपडे धुण्याचं मशीन आणायचं, हे ठरून गेलं होतं. दर पगारातून थोडं बाजूला पडत होतं. मोरीच्या कोपऱ्यात मशीन मावेल की नाही हे आत्यानं दोरीनं मोजून, दोरीला गाठी मारून ठेवल्या होत्या. ती दोरी खिळ्याला लटकलेली असायची. येता-जाता दिसायची.

धुलाईघरातलं काम ज्यानं केलं नाही त्याला वाटेल, मशीनच सगळं करतं. मशीन धुतं. चादर बाहेर काढायची माणसांनी. ओली चादर दगडासारखी जड असते. ती दोघींनी चार कोपऱ्यांना धरायची, ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात सरळ द्यायची. एक चुणी आत गेली की ती तशीच भाजून बाहेर येते, मग ती चादर पुन्हा ओली करा, पुन्हा ताणा. वाफेनं आणि साबणानं बाईंच्या बोटांची टोकं चिरली होती. त्याच बोटांनी दुपारनंतर व्हायोलिनच्या तारा दाबायच्या. चिरेत तार बसली की डोळ्यांसमोर चांदण्या चमकायच्या. बाई चिकटपट्टी लावायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत.

धुलाईघराचा मुकादम त्यांना वाजंत्रीबाई म्हणायचा. "काय वाजंत्रीबाई, आज चादर कुठल्या सुरात?"

"तुमच्या घोरण्याच्या," बाई म्हणायच्या, आणि पुढची चादर उचलायच्या.

दुपारी तिथून सुटल्या की दोन रस्ते ओलांडून मुलांच्या संगीत संस्थेत. इथलं मानधन नावापुरतं होतं, पण बाईंचा खरा दिवस इथे सुरू व्हायचा. इमारत जुनी. वरच्या मजल्यावर सभागृह, त्याचं छप्पर गळकं. पाऊस नसतानाही कोपऱ्यांत बादल्या ठेवलेल्या असायच्या, कारण पुन्हा उचलून ठेवायचा कंटाळा. जिन्याखाली एक लाकडी कपाट, त्यात संस्थेची वाद्यं. कपाटाची किल्ली रखवालदाराकडे. त्याच्या कमरेला इतक्या किल्ल्या होत्या की तो येण्याआधी त्याचा आवाज यायचा. मुलं त्याला किल्लीकाका म्हणायची.

वर्गात मुलं दोन ओळींत बसायची. पुढच्या ओळीतल्या मुलांची व्हायोलिनं स्वतःची, आईबापांनी घेऊन दिलेली. ती मुलं घरी सराव करायची. मागच्या ओळीतली मुलं संस्थेची वाद्यं वाजवायची. ती वाद्यं घरी न्यायची नाहीत, असा नियम. आठवड्यातून तीन दिवस हात लागणार, आणि पुन्हा कपाटात. कडेला एक दांडगी मुलगी आपला चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून बसायची. चेलो तिच्याइतकाच दांडगा आणि तिच्या मामाचा.

बाई मुलांना नुसते सूर शिकवत नसत. आधी गोष्ट. जादूच्या मुलखाची एखादी जाडजूड कादंबरी घ्यायची, दर तासाच्या सुरुवातीला तिच्यातलं थोडं वाचायचं, आणि मग त्या गोष्टीवर स्वतः रचलेलं संगीत वर्षभर बसवायचं. यंदाच्या गोष्टीत एक गाव होतं आणि गावाखाली झोपलेला ड्रॅगन होता. गाव त्याच्या पाठीवरच वसलेलं. त्याच्या श्वासाच्या उबेनं घरं गरम राहायची, जमीन पिकायची. तो जागा होऊ नये म्हणून सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या चवड्यांवर चालायचं. आणि श्वास थांबला तर गाव खचून खाली जायचं. म्हणून रोज कुणीतरी जमिनीला कान लावून श्वास ऐकत बसायचं.

पुढची ओळ म्हणजे चवड्यांवर चालणारे गावकरी. चेलो म्हणजे गावाची वेस. आणि मागची ओळ म्हणजे श्वास.

श्वास वाजवायचा म्हणजे सगळ्यांत जाड तार मोकळी ठेवायची. डाव्या हाताला काही काम नाही. उजव्या हातानं गज मुठीपासून टोकापर्यंत न्यायचा आणि टोकापासून मुठीपर्यंत परत आणायचा. सावकाश. मध्ये तुटायचा नाही, थरथरायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं. खांदा भरून येतो, मनगट अडतं, आणि गज शेवटच्या चार बोटांत हमखास लटपटतो.

"पूर्ण गज," बाई ओरडायच्या. "अर्ध्या श्वासावर कोण जगतं? तू जगतोस? पुन्हा."

मागच्या ओळीत सगळ्यांत लहानखुरी एक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणायचे. तिला हे जमायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. वाद्य घरी न्यायचं नाही, म्हणून ती डाव्या हातावर मोजपट्टी ओढून सराव करायची. हातावर लाल रेघ उठलेली असायची. बाईंनी ती रेघ पाहिली. फक्त म्हणाल्या, "कोपर खाली कर." पुढे मुंगीचा श्वास सगळ्यांत लांब झाला.

पुढच्या ओळीत पहिल्या खुर्चीवर बसणारी मुलगी होती. तिला मुलं पहिली म्हणायची. हात चपळ, कान तीक्ष्ण, जीभ त्याहून. पहिली कष्टाळू होती हे बाईंना मान्य होतं. तोंडावर नाही.

वार्षिक कार्यक्रम आठवड्यावर आला तेव्हा संस्थेचे संचालक साहेब तालीम ऐकायला आले. मागे हात बांधून उभे राहिले. संपल्यावर टाळ्या वाजवल्या, बोटांच्या टोकांनी.

"छान. फार छान. पण मागून ते किरकिर काय येतंय?"

"ड्रॅगन आहे."

"पाहुण्यांना कसं कळणार, ड्रॅगन आहे ते?"

"डोळे मिटून ऐकलं की कळेल."

"पाहुणे डोळे मिटतात ते झोपायला, बाई." साहेब हसले. मग त्यांना बोळात घेऊन गेले आणि आवाज खाली आणला. "असं करू. मागच्या मुलांनी नुसते गज फिरवायचे. तारेला न टेकवता. दिसायला भरगच्च, ऐकायला गोड. पाहुणे मोठे आहेत. त्यांच्या मनात भरलं तर छप्पर होईल. छपराचं काय झालंय ते तुम्ही बघताच."

"बघते ना. बादल्या मीच ओतते."

"मग?"

"मग काय? वर्षभर खांदे मोडून घेतले पोरांनी ते हवेत हात हलवायला? मागची ओळ वाजवेल. नाहीतर कुणीच वाजवणार नाही."

साहेबांनी छताकडे पाहिलं. "बघू," म्हणाले.

बाईंना वाटलं, विषय मिटला. घरी जाऊन आत्याला सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "बघू म्हणाला ना? मग तो बघणार. गप्प बसणाऱ्यातला नाही तो." बाईंनी ते कानामागे टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी बाई धुलाईघरातून तडक संस्थेत आल्या. सभागृह भरायला लागलं होतं. बादल्या पडद्यामागे लपवल्या होत्या. मागच्या खोलीत मुलं पांढऱ्या सदऱ्यांत, भांग पाडून, एकमेकांना कोपरं मारत उभी होती. किल्लीकाकांनी कपाटातली वाद्यं आणून टेबलावर मांडली होती. बाई एकेकाच्या तारा जुळवून द्यायला लागल्या. पुढची ओळ झाली. चेलो झाला. मग मुंगी समोर येऊन उभी राहिली.

"बाई, माझा श्वास येत नाही."

बाईंना वाटलं, पोर घाबरली. "पाणी पी. खाली बस जरा."

"माझा नाही. ड्रॅगनचा."

बाईंनी तिच्या हातातून व्हायोलिन घेतलं, गज जाड तारेवर ठेवला आणि ओढला. आवाज नाही. गज तेलावरून निघाल्यासारखा सटकन टोकाला गेला. पुन्हा ओढला. तार हललीसुद्धा नाही. राळ कमी असेल म्हणून त्यांनी राळेचा खडा घेऊन गजाच्या केसांवर जोरात घासला. राळेनं केस खरखरीत होतात आणि तारेला धरतात, म्हणून तर आवाज निघतो. पण राळ बसेना. नुसती घरंगळून खाली पडली.

मग त्यांनी गज नाकाशी नेला.

सकाळपासून ज्या वासातून सुटायला आल्या होत्या, तोच वास. कपडे धुण्याचा साबण.

दुसरा गज घेतला. साबण. तिसरा. साबण. टेबलावरचा एकेक गज त्या उचलत गेल्या आणि हुंगत गेल्या. पुढच्या ओळीचे गज रात्री मुलांबरोबर घरी होते, त्यांना काही झालं नव्हतं. कपाटातल्या सगळ्यांना साबण होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका," त्यांनी हाक मारली. किल्ल्यांचा आवाज आला, मागून काका आले.

"या गजांना कुणी हात लावला?"

"मी," काका खुशीत म्हणाले. "चकाचक केलेत ना? काल अख्खी दुपार बसलो होतो. सगळा पांढरा भुगा बसला होता केसांत, तो आधी ओल्या फडक्यानं काढला. मग साबणाची वडी घेऊन एकेक गज दोन्ही बाजूंनी. एक केस सोडला नाही."

"कुणी सांगितलं?"

"साहेबांनी. म्हणाले, बाईंना स्वच्छ हवेत." काकांच्या चेहऱ्यावरची खुशी उतरायला लागली. "साबण मात्र धुऊन टाकू नका, म्हणाले. मला जरा नवल वाटलं. म्हटलं, असेल काही, केसांना तेल लावतात तसं."

बाईंना त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण माणसानं काम मनापासून केलं होतं. एक केस सोडला नव्हता. एवढ्या मेहनतीनं एवढं वाटोळं केलेलं बघून राग कुठून धरावा तेच कळेना. त्यांनी गज खाली ठेवला आणि साहेबांकडे गेल्या.

साहेब दाराशी खुर्च्या सरळ करत होते.

"गजांना साबण लावायला तुम्ही सांगितलं?"

"हळू बोला."

"सांगितलं की नाही?"

"जुनी युक्ती आहे, बाई. मोठमोठ्या ठिकाणी करतात. गज फिरतो, आवाज येत नाही. मुलं खूश, पालक खूश. मुलांना कळतही नाही."

"मुलांनाच पहिल्यांदा कळलं."

साहेबांनी आणखी एक खुर्ची सरळ केली. मग म्हणाले, "वाद्यं संस्थेची आहेत. संस्थेच्या भल्याचं मला बघावं लागतं. तुम्ही एका ओळीचं बघता."

यावर बाईंच्या तोंडी जे आलं ते आईबापांनी भरलेल्या बोळात बोलता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि वळल्या. मुलांना कळतही नाही, हे एवढंच डोक्यात घण घालत होतं. हातावर रेघ उठेपर्यंत मोजपट्टी ओढणाऱ्या पोरीला म्हणे कळत नाही.

खोलीत आल्या तेव्हा मागच्या ओळीतल्या दोघा-तिघांचे डोळे भरले होते. एकजण सदऱ्याच्या टोकानं गज पुसत होता. पुसून साबण जात नाही, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? पाण्यात बुडवले तर केस वाळायला उद्या उजाडेल.

"पुढची ओळ," बाई म्हणाल्या, "आपापले गज मागे द्या."

कुणी हललं नाही.

"आणि आम्ही?" पहिलीनं विचारलं.

"तुम्ही बोटांनी. तारा छेडायच्या. सूर तेच, चाल तीच."

"आम्ही असं कधी बसवलं नाही."

"सुरुवातीचे महिनोन्‌महिने गज हातात न देता काय करून घेतलं मी तुमच्याकडून? चिमटे काढून घेतले?"

चेलोवाली दांडगी मुलगी खुदकन हसली. पहिली हसली नाही. तिनं आपला गज छातीशी धरला होता.

"माझा गज कुणाला द्यायचा नाही, असं बाबांनी सांगितलंय. आणि मुंगीची मूठ घामट असते."

मुंगीनं उजवा हात पाठीमागे नेला.

दिवसभराचा राग आता या एका पोरीवर निघणार, असं बाईंना वाटलं. तसं होऊ नये म्हणून त्यांनी एक खुर्ची उचलली आणि धाडकन मागच्या ओळीत ठेवली.

"ठीक. बाबांचं ऐक. गज तुझ्याकडेच ठेव. मागे ये आणि श्वास तू वाजव. तुझ्या खुर्चीवर मुंगी बसेल, तारा छेडेल."

पहिली मागे आली. सगळ्यांदेखत व्हायोलिन खांद्यावर घेतलं, जाड तारेवर गज ठेवला, ओढला. अर्ध्यावर गज लटपटला. परत ओढला. पुन्हा तिथेच. तिचे हात चपळ होते, धावायला शिकलेले. सावकाश चालायला तिला कुणी लावलंच नव्हतं.

तिनं व्हायोलिन खाली घेतलं. कान लाल झाले होते. "मला येत नाही हे," ती म्हणाली.

मग ती मुंगीजवळ गेली आणि गज तिच्यापुढे धरला. "स्क्रू फिरवायचा नाही. मी ताणलाय तेवढाच ठेवायचा. आणि केसांना बोट लावशील तर बघ."

मुंगीनं आधी हात सदऱ्याला पुसला. मग गज घेतला.

तिच्यामागोमाग पुढच्या ओळीतल्या बाकीच्यांनीही दिले. कुणी मुकाट्यानं, कुणी तोंड वाकडं करून. पुढे जेवढी मुलं होती तेवढीच मागे होती, म्हणून निभावलं.

पडदा उघडला. पहिल्या रांगेत पाहुणे, त्यांच्या शेजारी साहेब. साहेबांनी पाहिलं की पुढच्या ओळीच्या हातांत गज नाहीत. ते खुर्चीत पुढे सरकले, पण आता उशीर झाला होता. बाईंनी हात उचलला.

श्वास सुरू झाला.

चांगल्या गजांवर मागच्या ओळीनं आजवर कधी वाजवलंच नव्हतं. बाईंनी वर्षभर जो श्वास ऐकला होता तो दमेकऱ्याचा होता, हे त्यांना आत्ता कळलं. हा आवाज खालून आला, लाकडी फळ्यांतून, खुर्च्यांच्या पायांतून. किरकिर त्यात होती, पण ती आता खवल्यावर खवला घासावा तशी. मग चेलोनं वेस उघडली आणि पुढची ओळ बोटांनी तारा छेडत निघाली. टप्, टप्, टप्. गजानं वाजवताना ते गावकरी नेहमी जरा धसमुसळे वाटायचे. आता ते खरोखरच चवड्यांवर चालत होते. हे आपल्याला आधी का सुचलं नाही, म्हणून बाईंना तिथेच, हात वर असताना, स्वतःचाच राग आला.

मध्ये एकदा पुढची ओळ चुकली. दोघेजण घाईनं पुढे गेले. पहिलीनं नुसता एक डोळा वटारला आणि त्यांना परत आणलं.

शेवटी गावकरी घरी जातात, वेस बंद होते आणि फक्त श्वास उरतो. इथे लपायला जागा नसते. मागची ओळ एकटी. बाईंनी एकेकाला हातानं थांबवत नेलं आणि शेवटी मुंगी राहिली. गज मुठीपासून निघाला. सावकाश. मध्यावर आला, पुढे गेला. शेवटच्या चार बोटांत बाईंनी स्वतःचा श्वास रोखून धरला. गज लटपटला नाही. टोकापर्यंत गेला, आणि तिथे संपला.

टाळ्या झाल्या. फार मोठ्या नाहीत, पण झाल्या. पाहुण्यांचे डोळे मिटलेले होते. झोपले होते की ऐकत होते, ते कुणी विचारलं नाही. कार्यक्रमानंतर साहेबांनी छपराचा विषय काढला तेव्हा पाहुणे छताकडे बघत म्हणाले, "बघू."

एवढ्यावर मिटायला हवं होतं. मिटलं नाही. दोन दिवसांनी साहेबांनी बाईंना खोलीत बोलावलं.

"पुढच्या सत्रापासून ज्याचं वाद्य त्यानं आणायचं," ते म्हणाले. "संस्थेचे गज खराब झालेत. दुरुस्तीची तरतूद नाही."

"खराब झाले, की केले?"

"आता ते उगाळून काय उपयोग?"

"मग मागची ओळ?"

"ज्यांच्याकडे वाद्य आहे ते येतील. ओळ पुढची काय, मागची काय."

बाई खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांना जिना दिसत नव्हता, इतका संताप डोळ्यांत चढला होता. जिन्याखाली किल्लीकाका कपाट उघडून उभे होते. साबण लावलेले सगळे गज त्यांनी एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवले होते.

"मी साहेबांना तोंडावर सांगितलं," काका म्हणाले. "लावला मी, पण सांगितलं तुम्ही. तर म्हणतात, तुमच्या ऐकण्यात चूक झाली. माझे गुडघे वाजतात बाई, कान नाही." त्यांनी गाठोडं पुढे केलं. "हे घेऊन जा. कुठे गेले म्हणून विचारलं तर म्हणेन, मला ऐकू येत नाही."

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. आत सरसाचा वास, भिंतीला पोटं उघडलेली व्हायोलिनं आणि वरच्या दांडीला घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या जुड्या लटकलेल्या. कारागिरानं चष्मा कपाळावर ढकलून एक गज हुंगला.

"कुणी केला हा उद्योग? अंगाचा साबण की कपड्यांचा?"

"कपड्यांचा."

"निदान अंगाचा तरी लावायचा." त्यानं गज खाली ठेवला. "हे केस गेले. धुऊन होणार नाही. सगळे काढून नवे घालावे लागतील. एकेक जुडी निवडायची, विंचरायची, दोन्ही टोकांना बांधायची, लाकडाच्या पाचरीनं ठोकून बसवायची. वेळ लागेल. घाई असेल तर दुसरीकडे जा."

"दुसरीकडे कुणी आहे?"

"नाही."

बाई घरी आल्या. आत्या मोरीत बसून चादर पिळत होती. खिळ्यावर गाठींची दोरी.

"आत्या, मशीन आत्ता येत नाही."

"का? कारखाना बुडाला?"

"गजांना केस घालायचेत. घोड्याच्या शेपटीचे."

आत्यानं हातातली चादर पूर्ण पिळली. झटकली. बादलीत टाकली. काम अर्धं सोडून बोलायची तिची रीत नव्हती.

"सगळ्या गजांना?"

"सगळ्या."

"म्हणजे माझ्या मशीनच्या घोड्याच्या शेपट्या झाल्या."

"हो."

आत्या भिंतीला धरून उठायला लागली. बाईंनी हात दिला, तो तिनं झिडकारला आणि नळाला धरून उभी राहिली. "माझी अख्खी हयात साबणात गेली," ती म्हणाली. "पण कुणाचं तोंड बंद करायला तो वापरावा, हे मला कधी सुचलं नाही. शिकलेल्या माणसाचं डोकंच वेगळं." मग खिळ्यावरची दोरी काढली, गाठी सोडवल्या आणि ती खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला बांधली. "जा, पैसे देऊन ये त्या गजवाल्याला. आणि त्या साहेबाला म्हणावं, एकदा इथे येऊन माझ्यासमोर मोरीत बस. मी शिकवते साबण कशाला असतो ते."

सत्राच्या पहिल्या दिवशी बाईंनी गजांचं गाठोडं साहेबांच्या टेबलावर उघडलं. नवे केस पांढरेशुभ्र, ताणलेले.

"हे काय?"

"मागची ओळ. लाकूड संस्थेचं आहे, केस माझे आहेत. लाकडाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. केसांना कुणी बोट लावायचं नाही."

साहेबांनी गजांकडे पाहिलं, मग बाईंच्या चिकटपट्ट्या लावलेल्या बोटांकडे. "बघू," ते म्हणायला लागले.

"बघायचं काही राहिलेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि गाठोडं उचलून वर्गात गेल्या.

मुंगी आधीच येऊन बसली होती. नव्या केसांना राळ धरायला वेळ लागतो. बाईंनी तिला खडा दिला, ती घासत बसली, घासत बसली. शेवटी गज तारेवर ठेवून ओढला. श्वास आला, पण मध्येच तुटला.

"अर्ध्यावर का सोडलास?" बाई म्हणाल्या. आवाजात राग होताच, तो काही कमी झाला नव्हता. "फुकटचे केस आहेत का? पूर्ण गज. पुन्हा."

घरी आत्या अजून हातानंच कपडे धुते. मशीनसाठी राखलेला कोपरा बादलीनं परत घेतला. आणि त्या सगळ्या पहाटांच्या, तापलेल्या रोलरपुढे ताणलेल्या चादरींच्या पगाराचे शेवटी घोड्याचे केस झाले. ते आठवड्यातून तीन दिवस मागच्या ओळीत मुठीपासून टोकापर्यंत जातात आणि परत येतात.